बजाबा आणि टाकीचा घाम

घाटमाथ्यावरच्या एका गावात बजाबा नावाचा एक भोळा राखणदार राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा? त्याला कुणी "जरा थांब" म्हटलं आणि विसरून निघून गेलं, तर बजाबा दिवस मावळेपर्यंत तिथंच थांबलेला असायचा. त्यामुळे गावात त्याला कुणी काम सांगत नसे. पण गावाबाहेरच्या माळावर पुण्याच्या देवस्थळी साहेबांनी एक केबिन बांधली होती. त्यांना राखणीला असा माणूस हवा होता, की जो सांगितलेलं ऐकेल आणि स्वतःचं डोकं चालवणार नाही. तसा माणूस त्यांना मिळाला.

केबिन म्हणजे लाकडाचं घर. घर म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण घर काय, कुणाचंही असतं. देवस्थळी परदेशात कुठंतरी तशी केबिन बघून आले होते. भिंती लाकडाच्या, छत लाकडाचं, जमीन लाकडाची. संडासातली जमीनसुद्धा लाकडाचीच. नळकाम करणारा शांतू मिस्त्री तेव्हा म्हणाला होता, "सायेब, हितं तरी फरशी घाला."

देवस्थळी म्हणाले होते, "शांतू, तुला सौंदर्यदृष्टी नाही."

ती त्याला नव्हतीच. त्यानं कमोड बसवला, मागं चिनीमातीची पांढरीशुभ्र फ्लशची टाकी बसवली आणि आपल्या गावाला निघून गेला. पुढं गावात अशी समजूत झाली, की संडासाला लाकडी जमीन घालणारा माणूस हुशार आणि ती पुसणारा माणूस मूर्ख. आपण कशाला वाद घाला.

केबिन एरवी वर्षभर बंद असायची. थंडीत थोडे दिवस उघडायची आणि उन्हाळ्यात पाऊस तोंडावर येईपर्यंत. तेवढा तिचा सीझन. तेवढ्यात साहेबांच्या ओळखीचे लोक निवांतपणासाठी यायचे. बजाबा आणि त्याची बायको गोदा केबिनमागच्या दगडी खोलीत राहायचे. गावातलं घर भावानं केव्हाच गिळलं होतं. ही खोली गेली असती, तर दोघांना चूल झाडाखाली मांडावी लागली असती.

त्या उन्हाळ्यात टाकीला घाम यायला लागला.

नळाला पाणी डोंगरातल्या झऱ्याचं. भर मे महिन्यातही दात वाजतील असं गार. हवा कोंदट, संडासाची खिडकी हाताएवढी. टाकीवर बारीक थेंब जमायचे, त्यांचे ओघळ व्हायचे आणि खाली लाकडावर टपटप पडायचे. लाकूड फुगलं. दार जमिनीला अडकायला लागलं आणि त्याची कडी लागेना.

देवस्थळींनी येऊन पाहिलं. त्यांना वाईट वाटलं. ते लाकूड त्यांनी स्वतः निवडलं होतं.

"बजाबा, नीट ऐक," ते म्हणाले. "टाकीला घाम आला की लगेच पुसायचा. या जमिनीवर पाण्याचा एक थेंब मला दिसता कामा नये. दिसला, तर पुढच्या सीझनला तू नाहीस. आणि खोलीही नाही."

"येक बी थेंब न्हाई?"

"एकही नाही."

"काय बी झालं तरी?"

"काय वाट्टेल ते झालं तरी!"

"व्हय मालक," बजाबा म्हणाला आणि त्यानं ते डोक्यात पक्कं बसवलं. त्याच्या डोक्यात जागा भरपूर होती.

देवस्थळी पुण्याला गेले. बजाबा पंचा घेऊन टाकीजवळ बसला. थेंब आला की पुसायचा. पुन्हा आला की पुन्हा पुसायचा. गोदा त्याची भाकरी संडासाच्या दारात आणून द्यायला लागली. खोलीसाठी नवरा एवढा झटतोय, हे बघून तिला आधी बरंच वाटलं.

मग खासनीस पतिपत्नी राहायला आले. खासनीस मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. निवांतपणाची त्यांना फार आवड होती. सकाळी ते वर्तमानपत्र घेऊन संडासात गेले. बजाबा तेवढ्यापुरता बाहेर आला होता. थोडा वेळ त्यानं कळ काढली. मग त्याला वाटलं, आता थेंब जमले असतील. कडी लागत नव्हतीच. तो पंचा घेऊन आत गेला.

खासनीस ओरडले, "अरे! कोण आहे?"

"मी बजाबा. तुमी बसा सायेब. मी टाकी पुसतो."

"बाहेर हो आधी!"

"आवो, तुमचं चालू द्या की. मला तुमची काय अडचन न्हाई."

खासनीस कसेबसे बाहेर पडले ते तडक मागच्या टेकाडावर गेले. मोबाइलची रेंज तेवढी तिथंच यायची. त्यांनी देवस्थळींना सगळं सांगितलं आणि फोन बजाबाच्या हातात दिला.

"अरे मूर्खा," देवस्थळी फोनवर म्हणाले, "माणूस आत असताना असं घुसतात का? आधी दार वाजवायचं. आत कोण आहे, विचारायचं. आतून आवाज आला, की पाऊल टाकायचं नाही. त्यांचं आटपेपर्यंत बाहेर गुपचूप उभं राहायचं. याला सभ्यपणा म्हणतात."

"व्हय मालक," बजाबा म्हणाला आणि त्यानं सभ्यपणा डोक्यात पक्का बसवला.

दुपारी खासनीस पतिपत्नी फिरायला गेले. जाताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहिली. थोड्या वेळानं बजाबाला आत भांड्यांचा आवाज ऐकू आला. तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. त्यानं दार वाजवलं.

"आत कोन हाय का?"

आतून डबा पडल्याचा आवाज आला. म्हणजे कुणीतरी होतं. बजाबा हात बांधून बाहेर उभा राहिला.

खासनीस परतले तेव्हा तो तसाच उभा होता.

"काय झालं रे?"

बजाबानं तोंडावर बोट ठेवलं. "आत कोनतरी हाय. आटपू द्या त्यांचं."

खासनीसांना वाटलं, देवस्थळींचे दुसरे कुणी पाहुणे आले असतील. तेही सभ्य होते. तेही उभे राहिले. त्यांच्या पत्नीही उभ्या राहिल्या. तिघं दाराबाहेर उभे होते आणि आतले पाहुणे मनसोक्त जेवत होते. शेवटी आतून बरणी फुटल्याचा आवाज आला आणि खिडकीतून एक माकड बाहेर पडलं. त्याच्या हातात बेसनाचा लाडू होता. मग दुसरं पडलं. मग त्यांची सगळी भावकी पडली.

आत आंब्यांच्या कोयी राहिल्या होत्या. बाकी काही राहिलं नव्हतं. खासनीस त्याच दिवशी निवांतपणा शोधायला दुसरीकडे गेले. जाताजाता त्यांनी टेकाडावरून फोन केला, आणि लगेच बजाबालाही टेकाडावर जावं लागलं.

"अरे, माकडांसाठी कसला सभ्यपणा?" देवस्थळी किंचाळले. "आपल्या घरात परका कुणी घुसलेला दिसला, की डबा बडवायचा! आरडाओरडा करायचा! पार घाट उतरेपर्यंत पिटाळायचा!"

"व्हय मालक. पार घाट उतरेस्तवर," बजाबा म्हणाला. तेही त्यानं पक्कं बसवलं.

फोन ठेवताना देवस्थळी म्हणाले होते, की टाकी बघायला शांतू मिस्त्रीला पाठवतो. ते बजाबानं ऐकलं नाही असं नाही. पण ते सांगणं होतं आणि डबा बडवायचा हा हुकूम होता. दोन्हींत हुकूम मोठा.

शांतू आला तेव्हा पुढं कुणी दिसेना. तो मागच्या दारानं आत शिरला, टाकीचं झाकण काढलं आणि त्यानं आत डोकं घातलं. बजाबा पंचा वाळत घालून आला. बघतो तर एक माणूस टाकीत डोकं घालून उभा. बजाबानं त्याला ओळखलं का? ओळखलं. पण शांतू होता शेजारच्या गावचा. शेजारच्या गावचा म्हणजे परकाच की.

बजाबानं रॉकेलचा रिकामा डबा उचलला आणि शांतूच्या कानाशी धाडकन बडवला.

"हुर्रर्र! हाड! भाईर!"

शांतूचं डोकं टाकीच्या काठावर आपटलं. "आरं बजा, मी हाय! शांतू!"

"म्हाईत हाय! हुर्रर्र!"

शांतू हत्यारांची पिशवी टाकून पळाला. पुढं शांतू, मागं डबा बडवत बजाबा, असे दोघं घाट उतरले. खालच्या वळणावर एसटी उभी होती. शांतू तिच्यात चढला आणि बस सुटल्यावर त्याला धीर आला. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आरं खुळ्या! पानी गार हाय म्हनून घाम येतोय! गोधडी गुंडाळ! ऊब दे! घाम आपुआप थांबतोय! आनि मी काय आता परत यायचा न्हाई!"

बजाबानं लांबूनच हात वर केला. गोधडी, ऊब, घाम थांबतो. पक्कं बसलं. शांतू परत येणार नाही, हेही त्यानं बसवलं, कारण ते सांगणं एवढ्या मोठ्यानं झालं होतं.

घरी येऊन त्यानं गोदाची चांगली गोधडी काढली. टाकीला गुंडाळली आणि सुतळीनं करकचून बांधली. बंबात पाणी तापवून त्यातलं थोडं टाकीत ओतलं. आणि काय सांगावं, टाकीचा घाम थांबला. जमीन सुकली. एवढ्या सगळ्या गोंधळात एक गोष्ट बरोबर झाली, आणि तीच पुढं महागात पडली.

गोदानं जमिनीवर हात फिरवून पाहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाचली वो खोली," ती म्हणाली.

"रडू नगं," बजाबा घाबरून म्हणाला. "थेंब पडंल."

त्यानं तिला आधी बाहेर नेलं, मग रडू दिलं.

इकडं शांतूनं देवस्थळींना फोन करून जे सांगायचं ते सांगितलं होतं. देवस्थळी रागारागानं निघाले. गाडी खालच्या वळणापर्यंतच यायची. तिथून वर केबिनपर्यंत चढ होता आणि देवस्थळींचा देह खुर्चीत बसून वाढलेला होता. ते वर पोचले तेव्हा कपाळावरून, कानामागून, मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. नाकाच्या शेंड्यावर एक थेंब लोंबत होता. आणि साहेब लाकडी ओसरीवर पाय ठेवणार होते.

बजाबानं तो थेंब पाहिला. थेंब पडला असता, तर खोली गेली असती.

"मालक, थांबा! हलू नगा!"

देवस्थळी बिचकून थांबले. बजाबानं घरातली उरलेली गोधडी आणली, त्यांच्या डोक्यावरून टाकली आणि सुतळीनं करकचून बांधली. ओसरीवर खुर्ची ओढली आणि त्यांना तिच्यात बसवलं. निखाऱ्यांनी भरलेली शेगडी आणून खुर्चीखाली सरकवली. मग समोर उकिडवा बसून घाम थांबायची वाट बघायला लागला.

गोधडीतून आधी काही शब्द आले. ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. मग नुसतीच धडपड आली. गोदा खोलीतून धावत आली आणि तिनं सुतळी कापली. देवस्थळी बाहेर आले तेव्हा उकडलेल्या बटाट्यासारखे दिसत होते.

"आवो, हे काय केलंसा?" गोदानं कपाळावर हात मारला.

"घाम थांबवत हुतो," बजाबा म्हणाला. "मालकांचाच हुकूम हाय. थेंब पडाया नगं."

देवस्थळींनी दोन्ही हात जोडले. राग अति झाला की ते उपरोधानं बोलायचे. पुण्यात त्यांच्या उपरोधाला मोठा मान होता.

"वा, बजाबा, वा! माझ्यावर एवढी माया कशाला? शेगडीची खरी गरज त्या टाकीला आहे. ने ही शेगडी, ठेव टाकीखाली! चांगली फुंकून लाल कर! होऊ दे एकदाचं तुझं समाधान!"

उपरोध कळायला समोरचा माणूस हुशार लागतो. देवस्थळींनी नेमका हुशार नसलेला माणूस कामाला ठेवला होता, हे ते त्या क्षणी विसरले.

"व्हय मालक," बजाबा म्हणाला.

देवस्थळी टेकाडाकडे निघाले. दुसरा राखणदार बघायला त्यांना फोन करायचा होता. ते त्यांनी गोदाला ऐकू जाईल असं बोलून दाखवलं. गोदाचं तोंड उतरलं. साहेबांच्या चहाला दूध आणलं, तर निदान त्यांचा राग तरी निवेल म्हणून ती भांडं घेऊन गावात पळाली.

बजाबानं शेगडी आत नेली. टाकीखाली लाकडी जमिनीवर ठेवली. फुंकून लाल केली. टाकीची गोधडी वरून लोंबत होती. तिचं टोक निखाऱ्यावर येत होतं, पण त्याबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. तो दार ओढून बाहेर आला आणि ओसरी झाडायला लागला.

थोड्या वेळानं दाराच्या फटीतून धूर आला. आतून तडतड आवाज यायला लागला. बजाबा दाराशी गेला आणि त्यानं दार वाजवलं.

"आत कोन हाय का?"

आतून तडतड आवाज आला. बजाबा बाहेर थांबला. मग धूर वाढला, तेव्हा मात्र त्याला शंका आली. त्यानं दार उघडलं. गोधडी पेटली होती. भिंत पेटली होती. जमीन पेटायला लागली होती. बजाबा अगदीच खुळा नव्हता. आग पाण्यानं विझते, हे त्याला आईनं लहानपणी शिकवलं होतं. तो पळत नळावर गेला आणि दोन बादल्या काठोकाठ भरून आणल्या.

उंबऱ्यावर तो थांबला.

समोर जमीन होती. तीच लाकडी जमीन. अजून अर्धी कोरडी ठणठणीत होती.

धूर बघून देवस्थळी टेकाडावरून धावत आले. बघतात तर केबिनला आग लागलेली आणि बजाबा दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन दारात उभा.

"अरे, बघतोस काय? पाणी ओत!"

"कुठं मालक?"

"जमिनीवर! जमीन पेटलीय!"

बजाबानं साहेबांकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं. साहेब परीक्षा घेत होते. दुसरा राखणदार बघायला गेलेला माणूस शेवटची परीक्षा घेणारच. आता चुकलो तर गोदा झाडाखाली, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्यानं बादल्या घट्ट धरल्या.

"न्हाई मालक," तो म्हणाला. "येक बी थेंब न्हाई."

"अरे गाढवा, ओत म्हणतोय ना मी!"

"तुमीच म्हनला हुता. काय वाट्टेल ते झालं तरी."

देवस्थळींनी बादलीला हात घातला. बजाबानं ती मागं ओढली. साहेब पुढं आले की बजाबा मागं सरायचा. बादली मात्र अशी जपून धरलेली, की एवढ्या ओढाताणीत एक थेंब सांडला नाही. शेवटी त्यानं दोन्ही बादल्या लांब आंब्याखाली नेल्या, त्यांवर झाकणं ठेवली आणि स्वतः त्यांच्यापुढं आडवा उभा राहिला. देवस्थळी रडकुंडीला आले. मागं छत कोसळलं.

गोदा गावातली माणसं घेऊन धावत आली. बादल्या त्या दोनच आणि त्यांच्यापुढं बजाबा, म्हणून त्यांनी माती टाकली, फांद्यांनी झोडपलं. पण लाकूड परदेशी पद्धतीचं होतं, झकास जळलं. मागची खोली तेवढी वाचली. ती गावच्या अडाणी गवंड्यांनी दगडांनी बांधली होती. तिला सौंदर्य असं काही नव्हतं, त्यामुळे ती पेटली नाही.

सकाळी माळावर धुकं उतरलं. केबिनच्या जागी राखेचा ढीग होता आणि त्याच्या मधोमध कमोड उभा होता. टाकीसकट. शांतूनं काम पक्कं केलं होतं. झऱ्याचा लोखंडी नळ अजून टाकीत गार पाणी सोडत होता.

देवस्थळी आंब्याखालच्या बादलीवर बसले होते. बजाबा खांद्यावर पंचा टाकून त्यांच्यासमोर आला. मागं गोदा पदर तोंडाशी धरून उभी होती.

"मालक, या. बगून घ्या," बजाबा म्हणाला. "सगळं फिरून बगा. येक थेंब घावला तर सांगा."

देवस्थळी उठले. का उठले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. ते राखेतून चालत कमोडपाशी गेले. खरोखरच कुठं थेंब नव्हता. सगळं कोरडं ठणठणीत होतं.

"मग पुडल्या सीझनला मी हाय न्हवं? आनि खोली?"

देवस्थळींनी तोंड उघडलं. तेवढ्यात टाकीवरून एक ओघळ निघाला, काठाशी येऊन थांबला, आणि सगळ्यांच्या देखत खाली पडला. टप्.

गोदानं डोळे मिटून घेतले. देवस्थळींनी त्या थेंबाकडे पाहिलं, मग बजाबाकडे पाहिलं. बजाबाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं खांद्यावरचा पंचा काढला, टाकी नीट पुसली, खाली वाकून राख हातानं चाचपून पाहिली, आणि त्याला हायसं वाटलं.

"ह्यो थेंब धरायचा न्हाई, मालक," तो म्हणाला. "ह्यो जमिनीवर पडलाच न्हाई. जमीन हाय कुठं आता?"